सोलापूरच्या कोरड्या हवेत टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी? ॲसिड मारून थकले

मोगरा_जुळे | १२ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. प्रश्न किरकोळ आहे, पण दोन वर्षं डोकं खातोय.

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाथरूम पाच बाय सात. खिडकी नाही, वर डक्टमध्ये उघडणारी काचपट्ट्यांची झडप तेवढी. टाइल्स क्रीम रंगाच्या, सांधे पांढऱ्या सिमेंटचे. राहायला आलो तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं सगळं लख्ख होतं. मग नळाखालच्या तीन-चार ओळी करड्या झाल्या, आता चक्क काळ्या आहेत. कोपऱ्यात पाण्याचं पिंप असतं, त्याच्या मागं तर काजळाची रेघ ओढावी तसं दिसतं. नखानं खरवडलं की नखाखाली काळं बुळबुळीत येतं. वास म्हणाल तर पेटीत दोन पावसाळे राहिलेल्या चादरीचा.

सायकलवरून फिनेल-ॲसिड विकणारा येतो, त्याच्याकडून ॲसिड घेऊन दोनदा घासलं. फेस येतो, धूर येतो, सांधे पांढरे होतात, आठ दिवस मी खूश. पंधराव्या दिवशी पुन्हा तेच, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. सांधेही आता खोल गेल्यासारखे वाटतात.

सासूबाईंचं एकच, "आमच्या न्हाणीत असलं कधी नव्हतं."

मला कळत नाही ते हे: बुरशी म्हणजे दमट हवेतली गोष्ट ना? जे वाचायला मिळतं ते सगळं मुंबई-कोकणातल्या लोकांचं. इथं मे महिना चालू आहे, बाहेर ४३ डिग्री, ओठ फुटतात, गच्चीवर पापड दोन तासांत कडक होतो. मग माझ्याच बाथरूममध्ये हा कोकण कुठून आला?

---

खारा_वारा | १२ मे, रात्री १०:१५

रत्नागिरीकर हजर! ताई, आम्हाला वाटायचं बुरशी हा आमचा खासगी ठेवा आहे. तुमच्याकडं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस, आमच्याकडं तीन हजारांच्या वर. जुलैत आमच्या कपाटातल्या चपलांना मिशा फुटतात, तिथं टाइल्सचं काय घेऊन बसलात.

थट्टा सोडा. आमच्याकडं एकच नियम पाळतात. शेवटची आंघोळ करणाऱ्यानं रबरी वायपर घेऊन भिंती आणि जमीन निपटून काढायची. दोन मिनिटांचं काम. माझ्या आईनं तर वायपर साबणाच्या शेजारीच खिळ्याला टांगलाय, म्हणजे विसरलो म्हणायची सोय नाही.

---

सात_रस्ता | १२ मे, रात्री १०:४०

ॲसिड अजिबात नको. आणि एक सांगतो, माझ्यासारखं तरी करू नका.

मागच्या दिवाळीत साफसफाईच्या जोशात सांध्यांवर आधी ब्लीच ओतलं. काळं जाईना, म्हणून वरून टॉयलेट साफ करायचं निळं लिक्विड मारलं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होईल, असा हिशेब. दार लोटलेलं, एक्झॉस्ट बंद. अर्ध्या मिनिटात घशात कुणी तिखट कोंबल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. कसाबसा बाहेर पडलो. बायकोनं डोळ्यांवर पाणी मारलं आणि थेट दवाखान्यात नेलं. दोन दिवस श्वास घेताना छाती खरखरत होती. डॉक्टर म्हणाले, "नशीब, लगेच बाहेर आलात."

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, हे मला नंतर कळलं. दहावीला शिकलो असणार. तेव्हा मागच्या बाकावर होतो.

---

हायड्रोजन_मॅडम | १३ मे, सकाळी ७:०५

मागच्या बाकावरच्यांसाठी उजळणी. (पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, सवय जात नाही.)

मोगराताई, आधी तुमचं ॲसिड. पांढरं सिमेंट असो की काळं, सांध्यातला माल चुनखडीच्या कुळातला. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की फेस येतो तो मळाचा नव्हे, तुमचा सांधाच विरघळतोय. वरचा काळा थर त्याच्याबरोबर निघून जातो म्हणून पांढरं दिसतं. पण खाली उरतो तो खडबडीत, भोकाभोकांचा सांधा. त्या भोकांत पाणी जास्त मुरतं, साबण जास्त अडकतो. म्हणजे दर वेळी तुम्ही बुरशीला शेत नांगरून देताय.

दुसरं, पहिली दोन-तीन वर्षं काही नव्हतं म्हणालात, त्यालाही कारण आहे. नवं सिमेंट फार अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३ च्या घरात. तिथं बुरशी तग धरत नाही. पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत जातो तसा सांध्याच्या पृष्ठभागाचा पीएच खाली येतो. त्यावर साबणाची साय, अंगाचं तेल, त्वचेचा कोंडा बसतो. हे सगळं बुरशीचं जेवण. टाइल तिला खाता येत नाही, सांधाही नाही. ती तुमचा साबण खाते.

तिसरं, भिंतीवर जे जे दिसतं ते सगळं बुरशी नसतं. काळं-हिरवट ठिपकेदार, बुळबुळीत, ती बुरशी. पांढरं, खडूसारखं, बोटाला पीठ लागल्यासारखं लागतं ते बोअरच्या पाण्याचे क्षार किंवा भिंतीतून आलेला लोणा. आणि बादलीच्या बुडाशी, नळाच्या तोंडाशी गुलाबी-केशरी चिकट थर येतो तो बहुतेक वेळा जिवाणूंचा, बुरशीचा नव्हे. तिन्हींना एकच औषध मारायला गेलात तर पैसे वाया.

सात_रस्ता, तुमचं नशीब खरंच चांगलं. ब्लीच आणि कुठलंही ॲसिड, ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड, ब्लीच आणि व्हिनेगर, यातलं काहीही एकत्र नको. एकापाठोपाठ एकही नको. मध्ये भरपूर पाण्यानं धुवायचं आणि दुसरं दुसऱ्या दिवशी.

---

चहा_कट | १३ मे, सकाळी ७:३०

बेकिंग सोडा + व्हिनेगर करा. सगळे व्हिडिओत तेच करतात. मस्त फसफसतं.

---

हायड्रोजन_मॅडम | १३ मे, सकाळी ७:४२

फसफसतं म्हणूनच व्हिडिओत दाखवतात. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून मोकळे. फेस विरला की उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, त्यानं काय होणार? सोड्याची पेस्ट करून ब्रशनं घासलं तर घासण्याचा उपयोग आहे. व्हिनेगर वेगळं मारलं तर थोडाफार आहे, पण सिमेंटच्या सांध्याला तेही हळूहळू खातंच.

---

गवंडी_अण्णा | १३ मे, दुपारी २:२०

ताई, मी टाइल्सचं काम तीस वर्षं केलो. साइटवर जेवणाची सुट्टी हाय म्हणून लिहितो.

मॅडम सांगितल्या ते बरोबर, पण निम्मा दोष आमच्या लोकांचा पण असतो. पांढरं सिमेंट भरताना काय करतात बघा. तगारीत ताकासारखा पातळ घोळ करायचा, फडक्यानं भिंतीवर फासायचा, वरून कोरडं सिमेंट भुरभुरायचं, पुसून टाकायचं. अर्ध्या तासात बाथरूम झालं! पाणी जास्त झालं की तो सांधा वाळताना आतनं पोकळ राहतो. आणि मालकाला घाई, सांध्याला तरायीचं पाणी, म्हणजे सिमेंट घट्ट धरावं म्हणून मारायचं पाणी, कोण मारतंय? दोन वर्षांत खडू होतो त्याचा. पेस्ट घट्ट पाहिजे, श्रीखंडासारखी, आणि रबरी फ्लोटनं दाबून भरायला पाहिजे.

तुमचा सांधा कसा हाय ते बघायचं असलं तर सोपं. दिवसभर बाथरूम कोरडं ठेवा. मग सांध्यावर ड्रॉपरनं एक थेंब पाणी सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर सांधा चांगला. मिनिटात पिऊन टाकला आणि डाग गडद झाला तर सांधा तहानलेला.

दुसरं बघायचं म्हणजे भिंतीच्या मागल्या खोलीत रंगाचे पोपडे आलेत का? खालच्या फ्लॅटच्या छताला ओल हाय का? नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी जातं त्या जाळीच्या, कडेला फट हाय का? यातलं काही असलं तर पाणी आतनं येतंय. मग वरनं कितीबी घासा, उपयोग शून्य. आधी प्लंबर.

---

मोगरा_जुळे | १३ मे, रात्री ८:३०

थेंबाची परीक्षा केली, अण्णा. थेंब टाकला आणि मोबाइल उचलून फोटो काढेपर्यंत गायब. मागच्या बेडरूमच्या भिंतीला पोपडे नाहीत, खालच्या काकूंना विचारलं, त्यांच्याकडं ओल नाही. म्हणजे पाइप गळत नाही, एवढं बरं.

मॅडम, "बुरशीला शेत नांगरून देताय" हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मघापासून हसतायत.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. एवढ्या कोरड्या गावात हे ओलं राहतंच कसं?

---

टॉवेलवाला | १३ मे, रात्री ९:१०

ताई, तुमचा मूळ प्रश्नच सगळ्यात भारी आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. हवेतल्या ओलाव्यावर आमचं पोट आहे. हवा कोरडी पडली की माग चालताना सूत तुटतं, म्हणून आम्ही शेडमध्ये मुद्दाम आर्द्रता वाढवून ठेवतो. भिंतीला मीटर लावलेला असतो, पारा बघावा तसा आम्ही दिवसभर तो बघतो.

तेव्हा विचारतो, उत्तरं खरी द्या:

पाणी किती दिवसांनी येतं, आणि बाथरूममध्ये किती साठवता? घरात कूलर आहे का, आणि तो चालू असताना खिडक्या उघड्या असतात की बंद? ओले टॉवेल कुठं वाळत घालता?

---

मोगरा_जुळे | १३ मे, रात्री ९:२५

पाणी पाचव्या दिवशी, आणि तेही रात्री कधीतरी. बाथरूममध्ये दोनशे लिटरचं पिंप, दोन टब, चार बादल्या. पिंपाला झाकण आहे पण तांब्या आतच असतो म्हणून उघडंच. पाणी येतं त्या रात्री पिंप भरून वाहतं, कारण पाइप सोडून सगळे झोपलेले.

कूलर आहे, मोठा, हॉलच्या खिडकीत. दुपारी बारा ते रात्री अकरा. खिडक्या बंद. उघड्या ठेवल्या तर गारवा जातो ना!

टॉवेल बाथरूमच्या दारामागं. चार माणसांचे चार. तुमचेच, सोलापुरी. जाड.

...लिहितानाच थोडं थोडं कळायला लागलंय.

---

टॉवेलवाला | १३ मे, रात्री ९:४०

हाच तुमचा कोकण!

आमचे टॉवेल पाणी पिण्यासाठीच बनतात, तीच त्यांची ख्याती. पण प्यायलेलं पाणी कुठंतरी सोडावं लागतंच. चार ओले टॉवेल पाच बाय सातच्या खोलीत दारामागं टांगले की ते पाणी तिथल्याच हवेत सुटतं. उघडं पिंप त्यात भर घालतं. जमीन तर पाच दिवसांत एकदाही पूर्ण वाळत नाही.

आणि कूलर. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ हवेत मिसळून. खिडक्या बंद ठेवल्या की तीच ओली हवा घरात साचत जाते. म्हणून तर रात्री आठनंतर कूलरसमोर बसूनही चिकचिक होते. खोलीतली हवाच ओली असेल तर बाथरूम वाळणार कुणाच्या जिवावर?

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत छोटं आर्द्रता मीटर मिळतं. घ्या आणि आकडे टाका इथं. ६० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशीची पंचाईत होते. ८० च्या वर दिवसचे दिवस राहिलं तर तिची चंगळ.

---

खारा_वारा | १३ मे, रात्री १०:००

एक नंबर. आम्ही आभाळाला शिव्या घालतो, तुम्ही ढग विकत घेऊन हॉलच्या खिडकीत लावता.

---

भाड्याचं_घर | १४ मे, सकाळी ११:१५

मध्येच विचारतो, क्षमस्व. विजापूर रोडला भाड्यानं राहतो. कोपऱ्यात, भिंत आणि जमीन मिळते तिथं सिलिकॉनची पांढरी पट्टी आहे, ती आतून काळी पडली आहे. ब्लीच लावून रात्रभर ठेवलं, जराही फरक नाही. मालक म्हणतो तुम्हीच घाण केली, डिपॉझिटमधून कापणार.

---

गवंडी_अण्णा | १४ मे, दुपारी २:०५

सिलिकॉनच्या आत बुरशी गेली की ती निघत नसते. पट्टीच बदलायची. कटरनं दोन्ही कडेनं चिरून ओढा, अखंड निघते. खाली राहिलेला चिकटा खरवडा, स्पिरिटनं पुसा, एक दिवस वाळू द्या. मग बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन भरा, त्यावर सॅनिटरी असं लिहिलेलं असतं. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून भरलं की रेघ सरळ येते. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एकदाच ओढायचं. परत परत गिरवलं की बिघडलं. त्यानंतर चोवीस तास पाणी नको. एक ट्यूब पुरते. डिपॉझिटपेक्षा स्वस्त पडतंय.

आणि त्या कोपऱ्यात सिमेंट भरू नका. भिंत आणि जमीन जरा जरा हलत असतात, सिमेंटला तिथं चीर पडणारच. म्हणून तिथं सिलिकॉन असतंय.

---

कुंदा_बुधवार_पेठ | १४ मे, दुपारी ३:३०

सगळ्यांचं वाचतेय. मोगरा, तुझ्या सासूबाईंचं खरं आहे गं. आमच्या जुन्या घरी न्हाणी परसात होती. शहाबादी फरशी, तीन बाजूंना कमरेएवढी भिंत, वर निम्मे पत्रे. बंबाचं पाणी तिथंच काढायचं. दहा वाजता ऊन आत यायचं आणि बारापर्यंत फरशी तव्यासारखी तापायची. पाय ठेवायची सोय नसे! तिथं बुरशी काय, मुंगी थांबत नव्हती. ब्लीच हे नाव पण कुणाला माहीत नव्हतं. आता अटॅच बाथरूम म्हणून बेडरूमच्या पोटात कोंडलेली खोली देतात आणि वर म्हणतात लक्झरी.

---

मोगरा_जुळे | १९ मे, रात्री १०:३०

मीटर आलं. लेकाला काम मिळालं, तो वहीत आकडे लिहितोय. कालचे:

गच्चीवर, दुपारी चारला १९ टक्के. हॉलमध्ये, कूलर चालू, खिडक्या बंद, रात्री नऊला ७४. बाथरूममध्ये सकाळी शेवटच्या आंघोळीनंतर ९३, आणि तीन तासांनी ८६!

टॉवेलवाले दादा, तुमच्या पाया पडावं असं वाटलं. एकाच घराच्या गच्चीवर वाळवंट आणि बाथरूममध्ये दलदल.

आता काय करू, क्रमानं सांगा कुणीतरी. एपॉक्सी ग्राउट (सांध्यात सिमेंटऐवजी भरायचं रेझिन) करून घ्या म्हणून एक जण मागं लागलाय. म्हणतो, आयुष्यभराची चिंता मिटेल.

---

टॉवेलवाला | १९ मे, रात्री ११:००

एपॉक्सी नंतर. आधी हवा.

गच्चीवर १९ टक्क्यांची हवा फुकट आहे, ती वापरा. दुपारी तीन ते चार कूलर बंद, बाथरूमचं दार सताड उघडं, समोरची खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. झळ आत येऊ द्या. एक तास घाम गाळा, पण ती झळ भिंती जेवढ्या वाळवेल तेवढं कुठलंच लिक्विड वाळवणार नाही. कूलर चालू असताना समोरच्या बाजूची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गारवा जात नाही, उलट वाढतो, कारण ओली हवा बाहेर पडते तेव्हाच कोरडी आत येते. टॉवेल गच्चीवर किंवा बाल्कनीत. पिंपाला घट्ट झाकण, आणि पिंप भिंतीपासून वीतभर पुढं, विटांवर. खालून-मागून हवा खेळली पाहिजे.

आंघोळीनंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवा. दाराखाली बोटभर फट आहे का बघा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता गरगरतो, ओढत काही नाही.

---

हायड्रोजन_मॅडम | २० मे, सकाळी ६:५०

हवेचं झालं, आता जी बुरशी आहे तिचं.

मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, सहसा ६ टक्क्यांचं. स्प्रेच्या बाटलीत भरा, सांध्यांवर मारा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, जुन्या टूथब्रशनं घासा, धुवा. लागलं तर तीन दिवसांनी पुन्हा. त्यात व्हिनेगर मिसळू नका. वास नाही, सांधा खात नाही. हातमोजे घाला, नाहीतर बोटं पांढरी पडून चुरचुरतात.

ते पुरलं नाही तरच ब्लीच. चार लिटर पाण्यात एक कप, त्याहून तीव्र नको. दार उघडं, पंखा चालू, हातमोजे, चष्मा. दहा मिनिटांनी धुऊन टाका. आणि बाटलीवरची तारीख बघा. ब्लीच उष्णतेत आणि उजेडात मरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली वर्षभराची बाटली म्हणजे खारट पाणी. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचंही तेच. डबा उघडा राहिला की नुसता चुना उरतो, आणि त्याचा पांढरा राप सांध्यावर बसतो तो वेगळाच.

काळा रंग गेला म्हणजे बुरशी गेली असं समजू नका. ब्लीच आधी रंग उडवतं. आणि कोरडं खरवडू नका, बीजाणू उडतात. घरात कुणाला दमा असेल तर घासताना त्याला बाहेर पाठवा, घासणाऱ्यानं मास्क लावा.

---

मोगरा_जुळे | २० मे, सकाळी ७:१५

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, मॅडम. आतापर्यंत घासताना त्या दारात उभं राहून सूचना द्यायच्या. आता देवळात पाठवते.

---

गवंडी_अण्णा | २० मे, दुपारी २:१५

एपॉक्सीबद्दल सांगतो, कारण तो मागं लागलेला माणूस सांगणार नाही.

माल चांगला हाय. पाणी पीत नाही, डाग धरत नाही. पण जुन्या सांध्यावरनं नुसता फासला तर वर्षात पापुद्रे निघतात. जुना सांधा हॅक्सॉ ब्लेडनं किंवा ग्राउट कटरनं निदान दोन-तीन मिलीमीटर खोल काढायला पाहिजे. हे कटकटीचं काम, टाइलची कड उडते, म्हणून लोक टाळतात. मग ब्रशनं धूळ काढायची, दोन दिवस बाथरूम वापरायचं नाही, हाडासारखं कोरडं करायचं. ओल आत कोंडली तर एपॉक्सी धरत नाही.

आणि मे महिन्यात करू नका! रेझिन आणि हार्डनर एकत्र केलं की घड्याळ चालू. थंडीत तासभर मिळतो, ह्या उन्हात अर्ध्या तासात तगारीत दगड होतो. मी एकदा दुपारी एकला किलोभर कालवलो, तीन ओळी झाल्या, बाकीचं तगारीसकट फेकलो. सकाळी सहाला सुरू करायचं, पाव पाव किलो कालवायचं, आणि टाइलवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजनं पुसायचं. वाळलं तर टाइलवर धुरकट पडदा बसतो, तो जन्मभर दिसतो.

तुमचे सगळेच सांधे गेलेले नाहीत. नळाखालचा आणि पिंपामागचा भाग तेवढा करा. बाकीच्या सांध्यांना स्वच्छ करून, वाळवून सीलर मारा. थेंब उभा राहिला की समजायचं लागलं. वर्ष-दोन वर्षांनी परत थेंब टाकून बघायचं.

---

चहा_कट | २० मे, दुपारी ४:००

म्हणजे सोडा-व्हिनेगर नकोच?

---

सात_रस्ता | २० मे, दुपारी ४:०५

अरे बाबा, नको बे!

---

मोगरा_जुळे | २८ जून, रात्री ९:००

अपडेट द्यायचं राहून गेलं.

पेरॉक्साइड तीनदा मारलं. नळाखालच्या ओळी करड्यावर आल्या, निम्म्या तर गोऱ्या. पिंपामागची रेघ गेली नाही, तिथला सांधा ॲसिडनं इतका खाल्लाय की टूथब्रशचे केस आत जातात. ते काम अण्णांच्या पद्धतीनं दिवाळीनंतर थंडीत करणार, ठरलं.

पण खरा फरक आकड्यांत आहे. लेकाची वही समोर आहे. मेअखेरीस आंघोळीनंतर तीन तासांनी बाथरूम ५२ टक्के! टॉवेल गच्चीवर, कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी. पहिले दोन दिवस नवऱ्यानं कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला चिकचिक कमी झाली. पिंप विटांवर ठेवलं तेव्हा मागं बघितलं तर जमिनीवर पिंपाच्या बुडाचं गोल काळं वर्तुळ. आठ वर्षं ती जागा वाळलीच नव्हती.

पाऊस सुरू झाल्यापासून मात्र आकडा ६५-७० वर चढलाय. आता बाहेरचीच हवा ओली. रत्नागिरीकर, तुम्ही पावसाळ्यात काय करता? चार महिने वायपर एवढ्यावर भागतं?

---

खारा_वारा | २८ जून, रात्री ९:३५

नाही भागत. वायपर रोज, त्यानंतर जुन्या सुती फडक्यानं कोपरे कोरडे, आणि एक्झॉस्ट तासभर. आंघोळी सगळ्यांच्या लागोपाठ उरकायच्या. एकाची सातला, दुसऱ्याची अकराला असं केलं की खोलीला वाळायला वेळच मिळत नाही. साबण जाळीच्या डबीत, शाम्पूच्या बाटल्या जमिनीवर नाहीत. आणि इतकं करूनही ऑगस्टमध्ये एकदा घासावंच लागतं. तुमच्याकडं पाऊस दोन दिवस पडून चार दिवस उघडीप देतो, त्या उघडिपीला दार उघडायचं. आम्हाला तीही मिळत नाही.

---

भाड्याचं_घर | २९ जून, सकाळी १०:००

अण्णा, सिलिकॉन बदललं. रेघ थोडी वाकडी आली पण पांढरी आहे. काढलेली पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, मालकाला दाखवली. कापल्यावर आत मधोमध काळी. बघून म्हणाला, "ही तर आधीच्या भाडेकरूच्या वेळची." डिपॉझिटचा विषय परत काढला नाही.

---

टॉवेलवाला | २९ जून, रात्री ९:१५

मोगराताई, पिंप भरून वाहायचं थांबलं का? कॉक लावायचा राहिला असेल तर टाकीत असतो तसला फ्लोट पिंपाला पण बसतो. पाणी भरलं की आपोआप बंद.

---

मोगरा_जुळे | २९ जून, रात्री ११:५०

आणलाय दादा, बसवायचा राहिलाय. प्लंबर परवा येतो म्हणालाय, म्हणजे पुढच्या आठवड्यात. तोवर आळीपाळीनं जागतोय, आज पाळी माझी. थांबा, नळ फुसफुसायला लागला. आलं वाटतं पाणी. पळते.